साठ हजारांचा संसार

मराठी मध्यमवर्गीय घरात खेळासाठी पैसे मागण्याची एक ठरलेली रीत आहे. ते अभ्यासासाठी मागायचे. सायकल हवी असेल तर क्लासला वेळेवर पोहोचायला, कॅमेरा हवा असेल तर प्रोजेक्टला, आणि संगणक हवा असेल तर अर्थातच करिअरला. नव्वदच्या दशकात ज्या घरांत पहिला ‘असेम्बल्ड’ संगणक आला, त्यातल्या कित्येक घरांत तो मुलांच्या भवितव्यासाठी आला आणि पहिल्याच रात्री त्यावर पत्ते खेळले गेले. हे आईवडिलांनाही ठाऊक होते आणि मुलांनाही. पण रीत ती रीत.

आमच्या धाकटीने ही रीत मोडली. बारावी आटोपल्यावर, २०२५ च्या मे महिन्यात, तिने सरळच सांगितले, ‘‘आई, मला कॉम्प्युटर हवाय. गेम खेळायला. अभ्यासही होईल त्याच्यावर, पण ते खरं कारण नाहीये.’’ एवढा प्रामाणिक अर्ज फेटाळणे कठीण असते. त्याच सुमारास आमची एक आवर्ती ठेव पुरी होत होती आणि त्या पैशांवर स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या फ्रिजचा पहिला हक्क होता. तिच्या बाबांनी तोड काढली. ‘‘साठ हजार. वर एक रुपया नाही. काय घ्यायचं ते तू ठरव. पण प्रत्येक वस्तू का घेतलीस, ते आम्हा दोघांना कळेल अशा मराठीत सांगायचं. पटलं तर तुझा कॉम्प्युटर, नाही पटलं तर फ्रिज.’’

मी शाळेत गणित शिकवते आणि घरचा हिशेबही माझ्याकडेच असतो. त्यामुळे पुढचा महिनाभर परीक्षकाची खुर्ची आपोआप माझ्याकडे आली. त्या महिन्यात जे ऐकले, तपासले आणि बाजारात पाहिले, ते इथे मांडते आहे. अनेक घरांत आज ना उद्या हा अर्ज येणार आहे म्हणून.

आधी पडदा, मग यंत्र

माझ्या भावाचा मुलगा या विषयातला आमच्या घरचा जाणकार. त्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली. ‘‘आत्या, दुकानात गेल्यावर लोक विचारतात की चांगला प्रोसेसर कुठला? तो पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न म्हणजे खेळणार काय आणि बघणार कशावर?’’

खेळ सगळे सारखे नसतात. ‘व्हॅलोरंट’सारखा नेमबाजीचा खेळ मुद्दाम साध्या यंत्रांवरही चालावा असा बांधलेला आहे. उलट २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ भल्याभल्या यंत्रांना घाम फोडतो. आमच्या लेकीच्या यादीत हे दोन्ही होते, आणि शिवाय ‘राजी’ होता. हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये आणला. एक मुलगी आपल्या भावाच्या शोधात राक्षसांशी लढत जाते, अशी त्याची कथा. पुण्यात बसून असले काही तयार होते, हे मला त्या निमित्ताने कळले.

आता पडद्याचे गणित बघा. साधा ‘फुल एचडी’ पडदा म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळताना हलणारे चित्र डोळ्यांना सलग वाटायचे तर ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे एका चित्रासाठी यंत्राच्या हाती १७ सहस्रांश सेकंदही नसतात आणि सेकंदाला १२ कोटींवर ठिपके रंगवून व्हावे लागतात. ‘फोर के’ पडद्यावर ठिपके बरोबर चौपट होतात. थोडक्यात, पडदा जेवढा श्रीमंत, तेवढे त्यामागचे यंत्रही श्रीमंत लागते. साठ हजारांत फोर केचा पडदा घेणे म्हणजे दोन खोल्यांच्या घरात बारा माणसांचे जेवणाचे टेबल आणण्यासारखे. लेकीने २४ इंची फुल एचडी पडदा निवडला, सेकंदाला १०० वेळा चित्र बदलू शकणारा. किंमत साडेसात हजार. ही मर्यादा एकदा मान्य केली आणि पुढचे निम्मे वाद आपोआप मिटले.

दिग्दर्शक आणि रंगारी

यानंतर खरा प्रश्न आला तो पैशांच्या वाटणीचा. खेळासाठीच्या संगणकात दोन मोठे मानकरी असतात. एक प्रोसेसर, दुसरे ग्राफिक्स कार्ड. यातले अंतर लेकीने नाटकाच्या भाषेत सांगितले, बहुधा मला नाटके आवडतात म्हणून. प्रोसेसर हा दिग्दर्शक. कोणते पात्र कुठून येणार, गोळी लागली की चुकली, दार उघडायचे की नाही, हे सगळे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडदे रंगवणारा कलाकार. दिग्दर्शकाने सांगितलेला प्रवेश तो सेकंदाला साठ वेळा पहिल्यापासून रंगवतो. दिग्दर्शक नामांकित आणि रंगारी हळू असेल तर नाटक रखडते. रंगारी चपळ पण दिग्दर्शकाला पुढचा प्रवेशच सुचत नसेल, तरीही रखडतेच. मात्र फुल एचडी पडद्यावर जड खेळ खेळायचे तर आधी थकतो तो बहुधा रंगारीच. म्हणून सर्वात मोठा वाटा त्याचा.

तिने निवडलेले कार्ड म्हणजे एएमडी कंपनीचे आरएक्स ६६००. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. म्हणजे आम्ही घेतले तेव्हा ते जवळपास चार वर्षांचे जुने होते. ‘‘मग जुनं मॉडेल कशाला?’’ असे मी विचारलेच. तिचे उत्तर तयार होते. त्यात ८ जीबीची स्वतःची मेमरी आहे, वीज कमाल १३२ वॉटच्या आसपास लागते आणि तिच्या पडद्याला ते पुरते. एनव्हिडियाचे २०२३ मधले आरटीएक्स ४०६० त्याहून सरस खरे, पण ते आमच्या हिशेबात सात-आठ हजारांनी महाग पडत होते.

प्रोसेसर तिने घेतला एएमडीचाच रायझन ५ ५६००. सहा कोअर, ६५ वॉट, एप्रिल २०२२ चा. इंटेलचा त्याच वर्षीचा आय५ १२४००एफ हाही तोडीस तोड. भाच्याचे म्हणणे असे की या दोघांत भांडत बसू नये. प्रोसेसर आणि त्याचा मदरबोर्ड अशा जोडीची किंमत बघावी आणि त्या आठवड्यात जी जोडी स्वस्त मिळेल ती उचलावी. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ते पाट. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. रायझनचे एएम४ हे सॉकेट २०१७ पासून बाजारात आहे आणि २०२२ मध्ये त्याच्या पुढचे एएम५ आले. नव्या सॉकेटवर पुढची अनेक वर्षे नवे प्रोसेसर बसतील, जुन्यावर नव्या पिढीचे बसणार नाहीत. पण नव्याला मदरबोर्ड महाग आणि मेमरीही डीडीआर ५ जातीचीच लागते. ‘‘मी चार वर्षं प्रोसेसर बदलणार नाहीये. मग आज त्याचे पैसे कशाला भरू?’’ हा तिचा मुद्दा मला एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याच्या उत्तरासारखा वाटला. पूर्ण गुण दिले.

फक्त दोन हजार जास्त

मेमरी १६ जीबी, पण एक पट्टी १६ ची नव्हे, तर दोन पट्ट्या ८-८ च्या. प्रोसेसरला मेमरीकडून माहिती घेण्यासाठी दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. एकाच नळाखाली दोन बादल्या लावून उभे राहावे आणि शेजारचा नळ बंद असावा, तसे. साठवणीसाठी एक टीबीची एसएसडी. हल्ली एकेक मोठा खेळ शंभर जीबीहून अधिक जागा अडवतो, त्यामुळे निम्मी घेऊन भागत नाही. मात्र इथे सर्वात वेगवान एसएसडी घ्यायचे कारण नाही. ती खेळ लवकर सुरू करून देते, चित्रांचा वेग फारसा वाढवत नाही.

इथवर यादी सरळ होती. अडचण निराळीच होती. प्रत्येक वस्तूच्या शेजारी तिची थोडी बरी बहीण उभी असते आणि ती फक्त दोन हजारांनी महाग असते. मदरबोर्डाच्या शेजारी वायफायवाला मदरबोर्ड. एसएसडीच्या शेजारी दुप्पट वेगाची एसएसडी. पडद्याच्या शेजारी १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा. प्रत्येक वेळी मन म्हणते, साठ हजार घालतोच आहोत, त्यात दोन हजारांचे काय? आमच्या यादीत आठ वस्तू होत्या. आठ गुणिले दोन म्हणजे सोळा हजार. साठाचे शहात्तर व्हायला कुठलाही मोठा निर्णय लागत नाही, आठ लहान निर्णय पुरतात. लग्नाचे बजेट, घराचे रंगकाम, पर्यटन कंपनीची सहल, सगळीकडे हेच घडते. कमी पैशांत खरेदी करताना ‘सर्वात चांगले कुठले’ या प्रश्नाला अंत नाही. ‘कुठे थांबायचे’ याला आहे.

अखेरीस वहीत जो हिशेब उतरला तो असा. ग्राफिक्स कार्ड २०,५००. प्रोसेसर ९,५००. पडदा ७,५००. मदरबोर्ड ६,५००. एसएसडी ५,०००. वीजपुरवठ्याचा डबा ४,५००. मेमरी ३,५००. कॅबिनेट ३,०००. बेरीज बरोबर ६० हजार. कीबोर्ड आणि माऊस घरातले जुनेच.

न दिसणारा डबा

या यादीतल्या एका ओळीवर तिच्या बाबांनी बोट ठेवले. ‘‘हा साडेचार हजारांचा डबा कसला? कॅबिनेटबरोबर हजाराच्या आत मिळतो म्हणे. वरचे साडेतीन हजार कार्डात घाल की.’’

प्रश्न रास्तच होता. बाजारात या डब्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर करून तो ती आतल्या भागांना देतो. तो दिसत नाही, त्याने खेळ एका चित्रानेही वेगवान होत नाही. म्हणून काटकसर करायला सगळ्यांना पहिल्यांदा तोच सापडतो.

लेकीने त्या स्वस्त डब्यावरच्या लेबलचा फोटो समोर ठेवला. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता. ‘‘आई, यातली बारा व्होल्टची ओळ बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बहुतेक वीज तिथूनच घेतात. किती अँपिअर लिहिलेत?’’ बावीस. ‘‘आता गुणाकार कर.’’ १२ गुणिले २२ म्हणजे २६४ वॉट. पाचशेचा डबा प्रत्यक्ष कामाच्या ओळीवर निम्म्यावर आला होता. तिने निवडलेल्या ५५० वॉटच्या डब्यावर त्याच ओळीत ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॉट. आमच्या यंत्राचा हिशेब म्हणजे प्रोसेसर ६५, कार्ड १३२ आणि बाकीचे धरून अडीचशेच्या घरात. स्वस्त डबा त्या आकड्याच्या काठावर दिवसरात्र उभा राहणार. आणि खेळातला प्रसंग पेटला की कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते, तेव्हा काठावरच्या माणसाचे जे होते तेच त्याचेही होणार. वाईट डबा जळताना पुष्कळदा एकटा जळत नाही. बरोबर शेजाऱ्यांनाही नेतो.

अशा डब्यांवर ‘८० प्लस’ असा एक शिक्का असतो. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज आत पोहोचते, बाकीची उष्णतेत जाते, एवढाच त्याचा अर्थ. तो कार्यक्षमतेचा दाखला आहे, सुरक्षिततेचा नव्हे. म्हणून शिक्का बघावाच, पण बारा व्होल्टची ओळ आणि हमीची वर्षेही बघावीत. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते-येते. तिथे हा डबा म्हणजे घराची वायरिंग. वायरिंग कोणी पाहुण्यांना दाखवत नाही, पण रात्री शांत झोप तिच्यामुळेच लागते.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वही पुढे सरकवली आणि त्या ओळीवर बरोबरची खूण केली. माझ्या मते फ्रिज त्या क्षणी हरला.

लॅमिंग्टन रोडवर

डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. मुंबईचे गव्हर्नर असलेल्या (१९०३ ते १९०७) लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव अंगावर वागवणाऱ्या या रस्त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग. पण विद्युत-वस्तूंचा बाजार म्हणून विचारा, तर आजही सगळे लॅमिंग्टन रोडच सांगतात.

एका दुकानात शिरताच तयार ‘गेमिंग पीसी’ समोर आला. काचेचे कॅबिनेट, आत निळे-जांभळे फिरते दिवे, वर पाटी, ‘आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. किंमत आमच्यापेक्षा निम्मी. तिच्या बाबांचे डोळे चमकले. लेकीने दोनच प्रश्न विचारले, ‘‘दादा, आय-सेव्हन कितव्या जनरेशनचा? आणि कार्ड कुठलं?’’ उत्तर आले, तिसऱ्या जनरेशनचा आणि जीटी ७३०. म्हणजे प्रोसेसर २०१२ चा, कार्ड २०१४ चे. नाव मोठे होते, पण पिढी कोणती ते पाटीवर नव्हते. ‘४ जीबी’ हा आकडा तर कार्डाच्या ताकदीचा नव्हेच, ती त्याची कोठी. कोठी कितीही मोठी असली तरी पोळ्या लाटणारा हात तेवढाच.

त्या दिव्यांबद्दलही सांगायला हवे. त्यांना काही वीज फार लागत नाही, पण ते कॅबिनेटची पुढची बाजू काचेने बंद करून घेतात. आपल्या मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत यंत्राला हवा हवी. लेकीने समोर बारीक जाळी असलेले साधे काळे कॅबिनेट घेतले. जाळी काढून धुता येते, हे मला विशेष आवडले.

शेवटचा मोह बिलाचा. ‘‘पक्कं बिल नको असेल तर कमी करून देतो,’’ असे एके ठिकाणी हळूच सांगण्यात आले. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह लहान नव्हता. पण हमी मागायला जाताना हातात बिल लागते आणि त्यावर वस्तूचा अनुक्रमांकही असावा लागतो. कच्च्या चिठ्ठीवर वाचवलेले पैसे म्हणजे हमी विकून घेतलेले पैसे. आम्ही शेजारच्या दुकानात गेलो आणि पक्के बिल घेतले.

वापरलेल्या कार्डांचीही तिथे रेलचेल होती. २०२१ च्या सुमारास इथेरियम हे आभासी चलन ‘खणण्यासाठी’ जगभर ग्राफिक्स कार्डांवर झडप पडली होती आणि भाव गगनाला भिडले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खाणकाम थांबले आणि तिथे राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातले प्रत्येक वाईट असते असे नाही. पण उरलेली हमी कागदावर आणि कार्ड डोळ्यांसमोर चालवून, या दोन अटींशिवाय घेऊ नये.

घरी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. सगळे लावून बटण दाबले तर पंखे फिरले, पडदा काळाच. बाबांनी माझ्याकडे पाहिले. लेक मिनिटभर विचार करत राहिली आणि मग हसली. तिने पडद्याची वायर मदरबोर्डाला लावली होती. या प्रोसेसरला स्वतःची चित्रकला येत नाही, वायर कार्डालाच लावावी लागते. लावली आणि पडदा उजळला. मग तिने सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा वेग ६० वरून १०० वर नेला. तो कित्येकदा आपोआप तसा होत नाही आणि लोक पैसे भरूनही वर्षानुवर्षे ६० वरच खेळत राहतात.

या लेखातले आकडे मात्र जपून वापरा. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की किरकोळ बाजारात तिचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. आम्ही साडेतीन हजारांत घेतलेली जोडी त्या भावात पुन्हा मिळेल, अशी आशा धरून कोणी बाजारात जाऊ नये. किमती बदलतात. प्रश्नांचा क्रम बदलत नाही. काय खेळणार? कशावर बघणार? कुठे थांबणार? आणि काटकसर करायचीच तर ती दिसणाऱ्या गोष्टींत करणार की न दिसणाऱ्या?

बाजार आपल्याला नेमके उलटे शिकवत असतो. दिवे आधी, डबा नंतर. पाटी आधी, पिढी नंतर. अठरा वर्षांच्या मुलीने साठ हजारांत ही उलटी रांग सुलटी करून दाखवली, हे त्या यंत्रापेक्षा मला मोलाचे वाटते. म्हणून तुमच्या घरी हा अर्ज आलाच, तर तो लगेच मंजूर करू नका आणि लगेच फेटाळूही नका. एक आकडा द्या, एक वही द्या आणि प्रत्येक ओळीचे कारण मराठीत मागा. फ्रिजचे विचाराल तर तो अजून तोच आहे. पुढच्या वर्षी बदलू. कुठला घ्यायचा, त्याची वही लेकीने उघडली आहे.